नंदिवर्धनाची वाट

सह्याद्रीच्या कड्याकपाऱ्यांवर लुब्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनकारांनी सपाट मुलखाची उपेक्षा केली ती इतकी, की वऱ्हाड-नागपूरची मंद उतारांची विस्तीर्ण भूमी आजही अनेकांच्या मनात दोन रेल्वे-स्थानकांमधले अंतर एवढ्याच स्वरूपात नांदते. आगगाडीच्या खिडकीतून पाहणाऱ्याला कपाशीचे वावर, बाभळीचे बन आणि पुन्हा कपाशीचे वावर एवढेच दिसते. मोटारीतून जाणाऱ्याला तेवढेही दिसत नाही. ही भूमी खरोखर पाहावयाची असेल तर तिच्यावरून स्वतःच्या पायांच्या बळाने, परंतु पायी चालण्याहून किंचित अधिक वेगाने गेले पाहिजे, आणि तो वेग मनुष्याला सायकलीने दिला. तासाला अठरा-वीस किलोमीटरच्या त्या गतीत वाऱ्याची दिशा कळते, डोळ्यांना न दिसणारा चढ मांड्यांना कळतो, आणि शेतात काय पिकले आहे ते नाकाला आधी कळते.

माझी आवडती वाट नागपूरहून ईशान्येस, कामठी आणि मनसरवरून रामटेककडे जाते. कार्तिकात, पहाटेच्या थंडीने बोटे आखडलेली असताना, चार घोड्यांच्या शिल्पांनी वेढलेल्या ‘झिरो माइल’च्या स्तंभावरून निघावे आणि उजाडता उजाडता शहराबाहेर पडावे. तेथून निघताना मला अनेकदा माद्रिदची आठवण येते. त्या राजधानीच्या पुएर्ता देल सोल या चौकातही अशीच एक शिळा फरशीत बसवलेली असून स्पेनच्या प्रमुख रस्त्यांची अंतरे तेथून मोजली जातात. आणि त्या शहराभोवतीही गव्हाच्या शेतांचे, द्राक्षमळ्यांचे आणि दुरूनच दिसणाऱ्या जुन्या चर्चच्या मनोऱ्यांचे असे एक अफाट पठार पसरलेले आहे, ज्यावरून त्या देशातले सायकलस्वार गावामागून गाव ओलांडीत दिवसचे दिवस जातात. हे साम्य केवळ भूगोलापुरते नाही, ते पुढे येईलच.

नागपूरचे मैदान एकजिनसी वाटते, पण त्याच्या पोटात तीन-चार निरनिराळ्या युगांचे खडक शेजारी शेजारी नांदत आहेत. सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसाल्टची आहे. दख्खनभर पसरलेल्या लाव्ह्याची पूर्वेकडील कड या शहरापाशी संपत येते. कामठीजवळ वालुकाश्म लागतो, ज्याच्या थरांना भूशास्त्रज्ञांनी कामठीचेच नाव दिले आहे, आणि त्याच गोंडवन काळाच्या खडकांत दगडी कोळसाही आहे. मनसरला पोहोचावे तो मँगनीजच्या खाणी. रस्त्याच्या कडेची माती हा सारा इतिहास आपल्या रंगाने सांगत असते : काळ्याभोर कपाशीच्या जमिनीचा रंग हळूहळू उतरत जाऊन करडा, मग पिवळसर होतो, तुरीच्या ओळी विरळ होतात, आणि रामटेकच्या अलीकडे-पलीकडे धानाच्या बांध्या दिसू लागतात. पश्चिमेचा कापसाचा महाराष्ट्र आणि पूर्वेचा भाताचा महाराष्ट्र यांची शीव अशी एका सकाळीत, कोठेही पाटी लावलेली नसताना ओलांडली जाते.

कामठी ही छावणीची वस्ती. 1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला आणि 1821 साली इंग्रजांनी कन्हानच्या काठी ही छावणी वसवली. सैनिकांचे वास्तव्य आजही तेथे आहे. गाव ओलांडताना, रस्त्याच्या कडेने येणाऱ्या दूधवाल्यांशी माझी नजरेची ओळख होते. बहुतेकांच्या हाती आता फटफटी आली असली तरी काही म्हातारे अजून जुन्या काळ्या सायकलीवरच येतात. मागील चाकाच्या दोन्ही अंगांना दुधाच्या कॅन ट्यूबच्या पट्टीने आवळलेल्या, दूध हिंदकळून सांडू नये म्हणून झाकणाखाली गवताची जुडी खुपसलेली, आणि हँडल किंचितही न हलवता खड्डा चुकवण्याची ती हातोटी! माझ्या सायकलीला गिअर आहेत, तिचे वजन त्यांच्या एका भरल्या कॅनएवढेही नसेल, तरीही समतोल म्हणजे काय ते मी त्यांच्याकडे पाहूनच शिकतो.

लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीचा अभिमान वाटावा असा वारसा नागपूरलाही आहे. येथील डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली अमेरिका खंड आडवा ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. साडेतेरा तासांच्या मुदतीत दोनशे किलोमीटर पार करणाऱ्या ब्रेव्हेच्या स्वारांविषयीही मला आदर आहे. परंतु माझे मन घड्याळाच्या बंधनात रमत नाही, कारण ज्या वाटेवर दर दोन कोसांवर एखादे शतक उभे आहे तेथे न थांबणे मला कृतघ्नपणाचे वाटते.

कन्हानच्या पुलावर कोळशाच्या ट्रकांची वर्दळ असते. तो पूल आणि पुढचा आमडी फाट्यापर्यंतचा महामार्ग मी मान खाली घालून उरकतो. मनसरला मात्र उतरावेच लागते. येथील टेकाडांवर 1998 पासून जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले आणि विटांच्या भव्य वास्तूंचे अवशेष प्रकाशात आले. वाकाटक नृपती दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे अनेक विद्वान मानतात. येथेच सापडलेली, स्मितमुख, स्थूलोदर आणि तरीही विलक्षण सुकुमार अशी शिवमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती विदर्भात असती तर बरे झाले असते, असे मला प्रत्येक वेळी मनसरच्या पायऱ्यांवर उभे राहताना वाटते.

मनसरहून रामटेकचे गाव गाठून लगेच गड चढण्याचा मोह आवरावा आणि दक्षिणेकडे सुमारे सात किलोमीटरवरच्या नगरधनला जावे. या वाटेवर मोठी वाहने क्वचित. दोन्ही बाजूंना कापणीला आलेल्या धानाचा सुवास, डांबराच्या कडेवर सुकत घातलेल्या शेंगा, उतरत्या कवेलूंची घरे, मालगुजाराचा लाकडी खांबांचा एखादा वाडा, ज्याच्या सनदा 1950 च्या कायद्याने निकालात निघाल्या आणि ज्याच्या ओसरीवर आता तुरीच्या काड्या रचलेल्या असतात. गावाच्या पारावर बसलेल्या एका वृद्धाने मला हटकले, “कुठून येऊन राहिले जी?” नागपूरहून, म्हटल्यावर त्याने सायकलीकडे, मग माझ्याकडे पाहिले. “मंग पाणी घ्या आधी. किल्ला का पळून जाते?” आणि खरोखर घरातून तांब्या आणून त्याने तो माझ्या हाती दिल्यावरच किल्ल्याची वाट दाखवली.

किल्ला भोसलेकालीन, आत, विहिरीसारख्या खोल पायऱ्यांच्या तळाशी, देवीचे भूमिगत स्थान आहे. पण भोसल्यांच्या कितीतरी आधी हे नंदिवर्धन होते. चंद्रगुप्त विक्रमादित्याची कन्या प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरी आली, पती दुसरा रुद्रसेन अकाली निवर्तला, आणि अल्पवयीन पुत्राच्या नावाने तिने येथून राज्यकारभार चालवला. पुण्यातील एका तांबट कुटुंबाकडे जपून राहिलेला तिचा ताम्रपट याच नंदिवर्धनातून, कार्तिक शुद्ध द्वादशीला दिलेला आहे. अलीकडे, 2015 नंतरच्या उत्खननात, तिचे नाव असलेली मातीची मुद्राही याच परिसरात मिळाली. तिचा दुसरा ताम्रपट रिद्धपूरचा. त्यात दानाचे स्थळ म्हणून रामगिरीस्वामीच्या, म्हणजे बहुधा रामटेकच्याच देवाच्या, चरणांचा निर्देश आहे. हे दोन्ही लेख मी पुस्तकांत वाचले होते आणि ते मला बुद्धीने पटलेही होते; परंतु नगरधनच्या तटावरून उत्तरेकडे पाहिले, क्षितिजावर रामटेकचा डोंगर आणि त्यावरचा पांढरा गड स्वच्छ दिसला, आणि तेथवर जाण्यास सायकलीला जेमतेम अर्धा तास लागतो हे पायांनी अनुभवले, तेव्हा त्या ताम्रपटातील राणी प्रथमच मला माणूस म्हणून दिसली. आपल्या वाड्यातून रोज दिसणाऱ्या डोंगरावरच्या देवाला एकादशीच्या उपासानंतर भेटावयास निघालेली, वैधव्याचे आणि राज्याचे ओझे वाहणारी एक स्त्री! मेण्याला कदाचित दोन घटका अधिक लागत असतील, एवढेच.

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी नागपुरात राहून आयुष्यभर वाकाटकांच्या लेखांचा व्यासंग केला आणि कालिदासाच्या ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे रामटेक हे मत हिरिरीने प्रतिपादिले. मल्लिनाथाने तो चित्रकूट मानला, छत्तीसगडातील रामगडचे पक्षपातीही आहेत. पण प्रभावतीचा ताम्रपट मिराशींच्या बाजूने बोलतो आणि मी, नागपूरकर असूनही पक्षपात न करता, त्यांच्याच बाजूला आहे. येथे मला ला मांचाची आठवण होते. स्पेनच्या त्या पठारावर प्रवासी येतात ते सर्वान्तेसने 1605 साली निर्माण केलेल्या एका कल्पित सरदारासाठी, आणि लेखकाने हेतुपुरस्सर नाव न सांगितलेले त्याचे गाव ते आपणच, असा दावा आर्गामासिया दे आल्बाचे लोक करतात. आमच्या मैदानावरही ‘मेघदूता’तला एक कल्पित यक्ष राहतो. त्याने ज्या डोंगरावर वर्ष कंठले तो आपला, यासाठी तीन प्रांत भांडतात. सपाट प्रदेश माणसाच्या कल्पनेसाठी जागा मोकळी ठेवतो असे मला वाटते. डोंगराळ मुलखात दृष्टी प्रत्येक वळणाला अडते. येथे एक टेकडी पुरते, बाकीचे आकाश कवीच्या ताब्यात.

गड चढावयाचा तो दुपार कलल्यावर. सायकल पायथ्याशी कुलूप लावून ठेवावी आणि पायऱ्यांनी जावे. वर केवल-नरसिंह आणि रुद्र-नरसिंह यांची वाकाटककालीन मंदिरे, भव्य वराह, आणि सर्वांच्या माथ्यावर, भोसल्यांनी नव्या वैभवास आणलेले रामाचे देऊळ. केवल-नरसिंहाच्या मंडपाच्या भिंतीवर, लेप काढताना, 1980 नंतरच्या दशकात एक खंडित शिलालेख उघडा पडला. वाकाटकांच्याच घराण्यातील कोणाच्या तरी स्मृतीचा तो लेख असावा, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. अक्षरे बरीच झिजली आहेत, बोटाने स्पर्श करण्याचा मोह टाळावा. खाली अंबाळा तलाव, पलीकडे खिंडसीचे विस्तीर्ण पाणी, आणि मळ्यांच्या मांडवांवर चढलेली नागवेल, जिच्या पानांसाठी रामटेक पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे.

कार्तिकी पौर्णिमेला गडावर त्रिपुर जळतो तेव्हा येथे अलोट गर्दी होते. सायकलवाल्याने तो दिवस सोडून आधीचा आठवडा निवडावा. फाल्गुनानंतर जाऊ नये, कारण येथील ऊन 47 अंशांपर्यंत चढते आणि दुपारी पश्चिमेकडून येणारी झळ परतीच्या वाटेवर थेट तोंडावर घ्यावी लागते. सोबत एक जादा ट्यूब असावी. आणि क्रम मात्र बदलू नये : प्रथम नगरधन, मग गड. प्रभावती याच दिशेने गेली होती.