खडूच्या समुद्रातली लढाई

मुलांनो, बुद्धिबळात दोघांचीही सगळी मोहरी पटावर दिसत असतात. पण समोरच्याची मोहरी दिसलीच नाहीत तर? असा एक पट १९४२ साली इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला मांडला होता, आणि त्यावर खेळायला यायचे चक्क नौदलाचे अधिकारी!

दुसरं महायुद्ध चालू होतं. ब्रिटनला धान्य, तेल आणणाऱ्या जहाजांचे तांडे अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या बुडवत होत्या. सोबत राखणीला युद्धनौका असायच्या, पण पाणबुडी येते कुठून आणि पळते कुठे, हेच उमगेना. तेव्हा गिल्बर्ट रॉबर्ट्स या अधिकाऱ्याला बोलावलं. क्षयामुळे १९३८ साली नौदलाने त्यांना घरी बसवलं होतं! मदतीला दिल्या महिला नौदलातल्या मुली, काही तर जेमतेम विशीतल्या.

त्यांनी जमिनीवर चौकटी आखल्या. तोच समुद्र. अधिकाऱ्यांनी उभं राहायचं कनातीआड आणि लहानशा भोकातून दिसेल तेवढंच पाहायचं. रात्री भर समुद्रात तरी जास्त काय दिसतं? एका खेळीला दोन मिनिटं. हुकूम चिठ्ठीवर लिहायचा, मुली जहाजं सरकवायच्या. युद्धनौकांची वाट पांढऱ्या खडूने, पाणबुडीची हिरव्या. ती भोकातून दिसायचीच नाही. डाव संपला की बाहेर येऊन हिरवी रेघ बघायची. मला वाटतं, खरं शिकणं तिथेच होत असणार.

अशा डावांतूनच रॉबर्ट्स आणि मुलींनी ताडलं, की पाणबुडी तांड्याच्या आत शिरून टॉर्पेडो सोडते, मग खोल बुडी मारून तांडा डोक्यावरून जाऊ देते. म्हणजे तिला शोधायचं तांड्याच्या मागे! या डावपेचाला जीन लेडलॉने नाव दिलं 'रास्पबेरी', म्हणजे हिटलरला वेडावून दाखवणं. मॅक्स हॉर्टन हे मुरलेले पाणबुडीवाले ॲडमिरल स्वतः पाणबुडी होऊन खेळले आणि जॅनेट ओकेल या मुलीकडून हरले. युद्ध संपेपर्यंत सुमारे ५००० अधिकारी इथे शिकून गेले.

गेल्या मे महिन्यात आम्ही हा खेळ गच्चीवर मांडला. दोरीवर जुनी चादर, तिला भोक. एकदा पोरं ''बुडाली, बुडाली!'' म्हणून नाचू लागली. वाळवणाजवळ बसलेल्या शेजारच्या आजी म्हणाल्या, ''अरे, बोटीवर माणसं होती ना?'' आजी कोकणातल्या. तिकडे घरटी कुणीतरी बोटीवर असायचा. अटलांटिकच्या त्या जहाजांवर कोकणातले, गोव्यातले खलाशीही होते, कित्येक परतले नाहीत.

पोरं गप्प झाली. पुढच्या डावात धाकट्या भाच्याने तांड्याच्या शेपटाला एक जादा काडेपेटी ठेवली. ''ही लढणार नाही. पाण्यातल्यांना उचलणार,'' म्हणाला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण १९४१पासून खऱ्या तांड्यांबरोबरही अशी बचावाची जहाजं जाऊ लागली होती.