दारात अडलेला घोडा

आमच्या रत्नागिरीत घोडे थोडेच. पण नंदुरबारकडे, तापीकाठच्या सारंगखेड्याला, दत्तजयंतीपासून घोड्यांची मोठी यात्रा भरते. तिथून टेम्पोत घालून घरी आणलेला घोडा पुढच्या वेळी गाडीत चढायलाच तयार नसतो. पोटशूळ उठून दवाखान्यात न्यायचे असले, तर हे जिवावर बेतते.

त्याला हट्टी म्हणू नये. अंधाराला त्याची नजर माणसापेक्षा हळू सरावते, फळीवर खूर पोकळ वाजतात. चाबकाने भीती पक्कीच होते. आधीच काही दिवस गाडी अंगणात उभी करावी, फळीवर गवत पसरावे, आत उजेड ठेवावा. एक पाऊल पुढे पडले, की दोरी लगेच सैल सोडावी.

पहिलीच्या वर्गात ओढून आणलेले मूल बसते खरे, पण लक्ष दाराकडेच असते.