डोक्यावरून धावणारी लोकल

बालमित्रांनो, सावंतवाडी रोडला कोकणकन्येत बसून मुंबईला निघालात, की पहाटे भायखळ्यानंतर डोळे चोळून खिडकीशी बसा. मोठी माणसं सामान काढायच्या गडबडीत असतात आणि तेवढ्यात गाडी एका लोखंडी छताखाली शिरते. ते छप्पर नव्हे बरं का! तो सँडहर्स्ट रोड स्टेशनाचा वरचा मजला. तिथून लोकल धावतात.

स्टेशन दुमजली कशाला? सीएसएमटीत हार्बरचे फलाट पश्चिमेला, आणि हार्बरला जायचंय पूर्वेला, गोदीकडे. मधे मेन लाइनचे रूळ. मग एकच वाट, त्यांच्या डोक्यावरून! १९१० पासून हार्बरची गाडी कुर्ल्याहून रे रोडपर्यंतच यायची. हा उंच मार्ग झाला आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी भारतातली पहिली विजेची गाडी याच मार्गाने गेली. वरच्या मजल्याच्या तुळया स्कॉटलंडहून बोटीने आल्या. त्यांवर 'ग्लेनगार्नॉक स्टील' अशी अक्षरं आहेत.

पण खरी गोष्ट त्याआधीची. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीच्या वस्त्यांत घरंच्या घरं ओस पडली. १८९८ मध्ये सुधारणांसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला. समुद्राचा वारा आत यावा म्हणून त्याने रुंद रस्ते काढले. त्यांतल्या एकाला गव्हर्नर सँडहर्स्टचं नाव मिळालं. आताचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग तो हाच. रस्त्याचं नाव मग स्टेशनाला आलं. वारा आला खरा, पण रस्त्यासाठी गोरगरिबांच्या चाळी पडल्या. पाडलेल्या खोल्यांइतक्या नव्या काही लगेच झाल्या नाहीत. ती बिऱ्हाडं दुसरीकडे आणखी दाटीत शिरली. मला तर तुळयांपेक्षा तीच जास्त आठवतात.

एप्रिल २०१६ मध्ये हार्बरची तार १,५०० व्होल्टची २५,००० व्होल्टची झाली. खाली मेन लाइनवर हा बदल २०१५ मध्येच झाला होता. एवढ्या दाबाच्या तारेभोवती मोकळी जागा जास्त लागते, नाहीतर ठिणगी उडते. गाड्यांना उंची मिळावी म्हणून शेजारचा १८७९ सालचा हँकॉक पूल पाडला. स्टेशन कसं पाडणार? ते राहिलं. त्याच वर्षी हार्बरवर बारा डब्यांच्या गाड्या आल्या, म्हणजे फलाटही लांब हवेत. आपल्याकडे मातीचा भराव घातला की झालं; वरच्या मजल्यावर आधी खांब उभारायला हवेत!

२०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने स्टेशनाला 'डोंगरी' हे नाव द्यायला मंजुरी दिली. प्लेगने पोळलेल्या वस्त्यांपैकीच एक ही डोंगरी.