शंभरातले किती?

बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पैसा जितक्या टेबलांवरून जातो, तितका तो झिजतो. ऊर्जेचेही तसेच आहे, याचा हिशेब मी मोखाड्याला बदली झाल्यावर केला. संध्याकाळी इथे दुसरे करण्यासारखे असते तरी काय?

आंघोळीच्या बादलीचेच घ्या. आपल्याच पालघर जिल्ह्यात डहाणूला ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. अशा केंद्रात कोळशातल्या १०० भाग उष्णतेतून साधारण ३५ भाग वीज होते. बाकीची धुराड्यातून आणि यंत्रे थंड करणाऱ्या पाण्यातून जाते. वाटेत तारांनी आणि ट्रान्सफॉर्मरांनी १५ टक्के खाल्ले असे धरा. दारात आले ३०. पाणी तापवायच्या रॉडचे ९० टक्के धरा. बादलीत उतरले २७.

आमचे एक सहकारी म्हणाले, "३५, ८५ आणि ९०. सरासरी ७०. फर्स्टक्लास की हो!"

अहो, सरासरीने पाणी तापत नाही! इथे गुणाकार करायचा असतो. दहा टक्के सूट आणि त्यावर पुन्हा दहा टक्के म्हणजे वीस नव्हे, एकोणीस, हे साडी घेणाऱ्या बायकांना बी.कॉम. न होताही कळते.

आमच्या हिचे मत गॅसला. शेगडीची कार्यक्षमता ६८ टक्क्यांहून कमी नसावी असे आपले मानक सांगते. विहीर, जहाज, सिलिंडर भरायचा कारखाना आणि घाट चढणारा ट्रक, या सगळ्यांचा वाटखर्च १० टक्के धरला तरी पातेल्याला ६१ मिळतात. हे ऐकताच हिने रॉड माळ्यावर टाकला.

राहिली चूल. तीन दगडांच्या चुलीत शंभरातले दहाएक भाग पातेल्याला लागतात, बाकीचे हवेत आणि धूर डोळ्यांत. वाटखर्च मात्र शून्य! ना जहाज, ना डिझेल. हे शून्य मला खटकले. व्हाउचर नाही म्हणून खर्चच झाला नाही, असे म्हणणारा कारकून ऑडिटात सापडतो.

आमच्या शाखेत पैसे काढायला एक मावशी येतात. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, तिच्यातला सिलिंडर त्यांच्या घरी आहे. पण तो भरून आणायला पैसे जमले तर. एरवी डोंगरातून डोक्यावर मोळी. त्यांना मी म्हटले, "मावशी, दहा काटक्यांतली एकच भाकरीला लागते."

त्या क्षणभर थांबल्या. "म्हणजे नऊ मी फुकट वाहिल्या ना, साहेब?"

वरचे सगळे आकडे विसरलात तरी चालेल. चुलीचे दहाचे वीस टक्के झाले, तर चार मोळ्यांच्या दोन होतात, एवढे लक्षात ठेवा. उरलेल्या दोन ज्या डोक्यावरून उतरतात, ती जमा कुठल्या खात्यात लिहायची, हे मात्र आम्हाला बी.कॉम.ला कोणी शिकवले नाही.