लक्ष्मीपूजनाला माझ्या बागेत गुलाब नसतो

खंडेनवमीला आमच्या देवघरासमोर पाटावर अवजारं मांडली जातात. घरातले पाने-पकडी, स्वयंपाकघरातली विळी, आणि शेवटी माझं छाटणीचं सिकेटर, कलमाचे डोळे भरायची सुरी आणि जाड फांद्यांसाठीची लहान करवत. सिकेटर आदल्या रात्री सुटं करून, घासून, धार लावून, तेलाचा हात फिरवून ठेवलेलं असतं. त्याला हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल वाहिलं जातं. मग पाऊस खरोखर गेला आहे अशी खात्री पटली, की तेच सिकेटर घेऊन मी गच्चीवर जाते आणि वर्षभर जपलेल्या साठेक गुलाबांच्या फांद्या कळ्याफुलांसकट उतरवते.

इमारतीत नवीन राहायला आलेल्यांना हे बघवत नाही. “अहो ताई, दिवाळी तोंडावर आली. एवढी फुलं तरी होऊन जाऊ द्या!” मी त्यांना डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चहाला वर बोलावते.

तीस वर्षं मी उद्यानविद्या शिकवली. गुलाब त्याच्याही आधीपासून लावते आहे. घरचा गुलाब चांगला यावा म्हणून काय करायचं, असं कुणी विचारलं तर खत किंवा औषध मी नंतर सांगते. आधी तारीख सांगते. आपल्याकडे गुलाबाचं वर्ष पाऊस परतला की सुरू होतं, हे एकदा मनात बसलं की बाकीची कामं आपोआप आपल्या जागी जातात.

हे मी एक झाड गमावून शिकले. विद्यार्थिदशेत साठवलेल्या पैशांतून ‘ख्रिश्चन डिओर’चं कलम विकत घेतलं होतं. ग्रंथालयातल्या एका इंग्रजी पुस्तकात लिहिलं होतं, की हिवाळा संपताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटणी करावी. मी फेब्रुवारीच्या अखेरीस अगदी चित्रात दाखवल्याप्रमाणे छाटणी केली. मार्चच्या उन्हात उघड्या पडलेल्या फांद्यांची पश्चिमेकडची साल भाजून तडकली. जी फूट आली ती कोवळेपणीच करपली. एप्रिलमध्ये एकेक फांदी शेंड्याकडून खाली काळी पडत गेली. बागाईतदार याला शेंडेमर म्हणतात. मे महिन्यात कुंडीत नुसता खुंट उरला. पुस्तकातला सल्ला त्या देशासाठी अगदी बरोबर होता. तिकडे थंडीत गुलाब पानं गाळून झोपतो, आणि झोप संपता संपता त्याला छाटतात. आमच्या पुण्याच्या गुलाबाला ती झोपच मिळत नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांचं ‘द रोझ इन इंडिया’ हे १९६६ साली निघालेलं पुस्तक हाती आलं. पाल हे गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक. गव्हावर आयुष्य वेचणाऱ्या या माणसाने गुलाबाच्या कितीतरी जाती स्वतः संकर करून तयार केल्या. परदेशी झाडाकडे आपल्या हवेच्या नजरेने कसं बघायचं, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

पण हे शहाणपण आपल्या शेतकऱ्याकडेही आहे. नाशिक-सांगलीकडचा द्राक्षबागाईतदार बघा. थंड देशांत द्राक्षवेल वर्षातून एकदा पानं गाळते, एकदा छाटली जाते. आपल्याकडे तिला झोप नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, अशी दोनदा कात्री लावून तिला वेळापत्रकात बसवलं आहे. डाळिंबाला पाणी तोडून ताण देतात आणि हवा तो बहार धरतात. गुलाबाची ऑक्टोबर छाटणी याच घराण्यातली. निसर्गाने न दिलेली विश्रांती माणसाने हाताने द्यायची. जुने माळी तर छाटणीआधी मुळांवरची माती काढून आठवडाभर ती उघडी ठेवत. मी तितकं करत नाही, कुंडीत तर कधीच नाही. तीन-चार दिवस पाणी कमी करते, तेवढा ताण पुरतो.

छाटल्यावर नेमक्या दिवसांनी फूल येतं, यामागे एक सुंदर कारण आहे. युरोपातले बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधले गुलाब तिकडे पोचले, ते मात्र हंगाम न पाहता पुन्हा पुन्हा फुलत. दोघांच्या संकरांची परंपरा पुढे चालली आणि १८६७ साली फ्रान्समधल्या गियो यांनी आणलेल्या ‘ला फ्रान्स’ला पहिला ‘हायब्रिड टी’ मानलं गेलं. आज आपण ज्याला गुलाब म्हणतो, तो लांब दांड्यावरचा एकेकटा टपोरा गुलाब या घराण्यातला. एकदाच फुलणाऱ्या गुलाबात फुलणं रोखून धरणारं एक जनुक असतं. चिनी वारशाच्या गुलाबात ते निकामी झालेलं आहे. त्यामुळे या झाडाची जवळजवळ प्रत्येक नवी फूट टोकाला कळी घेऊनच थांबते. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही छाटता, त्या दिवशी तुम्ही फुलाची तारीख ठरवता. मी छाटणीचा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवते. इतक्या वर्षांच्या नोंदींत पहिलं फूल बहुधा ४२ ते ५० दिवसांत उमललं आहे. १८ ऑक्टोबरला छाटलं तर डिसेंबर लागताना बाग भरते. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताकदिनाच्या सुमारास फुलांचं प्रदर्शन भरतं. त्यात भाग घेणारे त्या तारखेपासून उलटे दिवस मोजतात आणि थंडीसाठी चार दिवस जास्त धरतात.

आता प्रत्यक्ष छाटणी. आधी मेलेल्या, वाळक्या, एकमेकींत घुसणाऱ्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या मुळातून काढा. हायब्रिड टीच्या तीन ते पाच जोमदार फांद्या ठेवा आणि त्या जमिनीपासून एक ते दीड फुटावर कापा. झुपक्याने फुलणाऱ्या फ्लोरिबंडाला आणि मिनिएचरला हलका हात लावा. वेलीगुलाबाच्या मुख्य फांद्या ठेवून फक्त बाजूच्या फांद्या आखूड करा. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर, पाव इंचावर, किंचित तिरका घ्या. नवी फूट डोळ्याच्या दिशेने जाते. डोळा बाहेरचा असेल तर झाडाचा मधला भाग वाटीसारखा मोकळा राहतो आणि हवा खेळते. कापल्यावर फांदीचा गाभा बघा. तो पांढरा हवा. तपकिरी दिसला तर रोग आणखी खाली गेलेला आहे, पांढरा लागेपर्यंत खाली उतरा. इथे हात आखडला, की शेंडेमर मागे राहते.

मग कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट. १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून, एकत्र करून, एकूण एक लिटर पाण्यात पेस्ट तयार होते. त्यात लोखंडी खिळा बुडवून बघा. तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे, थोडा चुना वाढवा. ही परीक्षा द्राक्षबागेत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे.

आठवड्याने खत. कुंडीतली वरची दोन-तीन इंच माती काढून तिथे गांडूळखत किंवा मुरलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि तेवढाच हाडांचा चुरा. कच्चं शेण घालू नका, त्यातून हुमणी येते. ही अळी मुळं कुरतडते आणि झाड वरून उगाच सुकल्यासारखं दिसतं.

मुळांवरून एक कळकळीची गोष्ट सांगते. रोपवाटिकेतून येणाऱ्या पुष्कळ कलमांची मुळं चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात असतात. लांबच्या प्रवासात रोप टिकावं म्हणून तो गोळा केलेला असतो. तो तसाच कुंडीत ठेवला तर वाळून विटेसारखा होतो. बाहेरची माती ओली, आतली मुळं कोरडी, अशी स्थिती होते आणि महिना-दोन महिन्यांत झाड जातं. घरी मरणाऱ्या नव्या गुलाबांपैकी कितीतरी या एका कारणाने मरतात आणि लावणारा आपल्या हाताला दोष देत बसतो. आणलेलं रोप दोन-तीन दिवस सावलीत राहू द्या. मग गोळा बादलीभर पाण्यात ठेवा, माती आपसूक सुटू द्या, मुळं ओढू नका. बारा ते चौदा इंची कुंडीत माती, शेणखत आणि निचऱ्यासाठी जाड वाळू किंवा कोकोपीट घालून संध्याकाळी लावा. कलमाचा जोड मातीच्या वर राहील असं बघा. निदान पाच-सहा तास थेट ऊन मिळेल अशीच जागा द्या.

जोड वर ठेवायचं कारण असं, की हे झाड दोन जीवांचं आहे. मुळं एका रानटी, काटक गुलाबाची. त्या खुंटावर इंग्रजी ‘टी’च्या आकाराची चीर देऊन हव्या त्या जातीचा एक डोळा बसवलेला असतो. कधी जोडाच्या खालून खुंटालाच फूट येते. ती इतकी तरारून वाढते, की माणसं आनंदाने तिला खत घालतात आणि वर्षभरात वरची जात उपाशी मरते. “गुलाब होता, त्याचा जंगली झाला,” असं मग म्हणतात. पानाला सात पर्णिका म्हणजे जंगली, हा ठोकताळा फसवा आहे. काही चांगल्या जातींनाही सात असतात. फूट कुठून निघते ते माती बाजूला करून बघा. जोडाखालून असेल तर कापू नका. कापल्यावर तिथे आणखी डोळे फुटतात. खाली दाबून मुळातून उपटून काढा.

पानांचं वाचन शिकलात तर औषधांचा खर्च निम्मा होतो. जुनी, खालची पानं सगळीच पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी आहे. कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर झाडाला लोह मिळत नाही. देशावरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे फार दिसतं. लोह मातीत असतं, पण सामू (पीएच) चढल्यामुळे मुळांना उचलता येत नाही. गुलाबाला ६ ते ७ सामू मानवतो. तिथे चिलेटेड लोह द्या, सेंद्रिय खत वाढवा आणि शक्य तेव्हा पावसाचं पाणी साठवून घाला. कोकणातल्या जांभ्या मातीत सामूची अडचण कमी, पण तिथल्या धो-धो पावसात अन्नद्रव्यं वाहून जातात. त्यामुळे खत थोडं थोडं आणि वरचेवर द्यावं लागतं.

रोगांचंही पंचांग असतं. पावसाळ्यात काळे ठिपके येतात. पान सलग सात-आठ तास ओलं राहिलं की ती बुरशी रुजते. म्हणून पाणी सकाळी आणि मुळाशी द्यायचं, गळलेली पानं रोज उचलायची. भुरी या बुरशीचं उलटं आहे. तिला ओलं पान लागत नाही. उबदार दिवस आणि गार, दमट रात्री, म्हणजे आपला डिसेंबर-जानेवारी, तिला आवडतो. सुरुवातीलाच पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम फवारा, पण कडक उन्हात नाही, पानं भाजतात. थंडीतच मावा येतो. बोटांनी पुसून काढा आणि ढालकिडे दिसले तर फवारणी थांबवा, ते मावा खाऊन टाकतात. मार्चनंतर फुलकिडे आणि लाल कोळी. कोळ्यासाठी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारणं, हा माझा पहिला उपाय. फुलून गेलेलं फूल पाच पर्णिकांच्या पहिल्या चांगल्या पानापर्यंत उतरवा, नाहीतर झाड फळ धरण्यात शक्ती घालवतं.

जात निवडतानाही आकाश आपलंच बघा. कोडाईकनालच्या विरू आणि गिरिजा वीरराघवन यांनी ‘रोझा जायगँटिआ’ आणि ‘रोझा क्लिनोफिला’ या आपल्याकडच्या रानगुलाबांचा संकरात वापर केला, तो उष्ण हवेत सुखाने राहणारे गुलाब मिळावेत म्हणून. मला हे काम फार मोलाचं वाटतं. थंड देशातलं झाड आपल्या उन्हात जगवत राहणं, ही एक वाट. आपल्या मातीतल्या रानगुलाबाला त्याच्या रक्तात आणणं, ही दुसरी. दुसरी वाट लांबची आहे, पण तिथे झाडाला रोज झगडावं लागत नाही.

दिवाळीपर्यंत माझी छाटणी होऊन दोन-तीन आठवडे झालेले असतात. दसरा ते लक्ष्मीपूजन हे वीस दिवस मी कधी चुकवत नाही. आठव्या-दहाव्या दिवशी डोळे फुगून गव्हाएवढे होतात. विसाव्या दिवशी बोटभर लांब, तांबूस, तेल लावल्यासारखी चकचकणारी फूट आलेली असते. तो तांबडा रंग कोवळ्या पानांचं उन्हापासून रक्षण करतो. लक्ष्मीपूजनाची फुलं मी मंडईतून आणते, कारण त्या संध्याकाळी माझ्या बागेत एकही गुलाब नसतो. गच्चीच्या कठड्यावर पणत्या लावायला गेले, की त्यांच्या उजेडात साठ कुंड्यांतली ती लाल फूट दिसते, आणि मी मनातल्या मनात पंचेचाळिसातून वीस वजा करते.

तुमची छाटणी दिवाळीपर्यंत राहिली, तरी वेळ गेलेली नसते. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा चालतो. भाऊबीज झाली, की सिकेटरला धार लावा आणि कॅलेंडरवर तारीख लिहा.