बाज

आमच्या निमगाव केतकीच्या घरात बाज एकच होती. बाभळीच्या लाकडाची, सुंभानं विणलेली, वरचा माणूस वळला की करकरणारी. तिच्यावर कोण झोपतं यावरून घरात कुणाला मान आहे ते कळायचं. पाव्हणा आला की पाव्हण्याची, एरवी दुपारी आजोबांची. सुनांच्या वाट्याला ती फक्त बाळंतपणात यायची. आईच्या माहेरी तोवर करणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून माझा जन्म सासरच्याच घरात झाला. खाली शेगडी, तिच्यात ओवा-शेपांची धुरी, वर आई आणि मी. पुढं कधीही बाजेचा विषय निघाला की आई म्हणायची, "तेवढे दिवस माझी होती."

उन्हाळ्यात रात्रीचं पाणी असलं की वडील बाज डोक्यावर घेऊन मळ्यात जायचे. आमचं रान नीरा डाव्या कालव्याच्या टेलला. इंदापूरकरांचं निम्मं आयुष्य टेलला पाणी का पोचत नाही यावर भांडण्यात जातं. पण पाळी मात्र ठरलेली असायची. कुणाचं पाणी कधी, किती तास, मग कुणाचं, हे पाटकरी सांगून जायचा. कुणाची पाळी कुणी खाल्ली तर कुऱ्हाडी निघायच्या.

मी सातवीत असताना आजीच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि बाज कायमची तिची झाली. वडिलांनी मधलं सुंभ कापून भोक ठेवलं, खाली घमेलं. पुढची सगळी वर्षं ते घमेलं आईनं उचललं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, धुणं, आणि मधल्या वेळात पानमळ्यातली खुडणी. रात्री आई बाजेशेजारी जमिनीवर सतरंजीवर झोपायची. आजीची वाचा गेली होती, म्हणून तिच्या डाव्या मनगटाला सुतळी बांधून दुसरं टोक आईच्या बांगड्यांत अडकवलेलं असे. आजीनं हात ओढला की आई उठायची. कधीकधी आजी झोपेतच हात ओढायची. आई तरीही उठायची.

आत्या यायच्या, काका यायचे. बाजेच्या कडेला बसून संत्री सोलायचे, डोळे पुसायचे आणि निघताना म्हणायचे, "वहिनी, आईकडं लक्ष असू द्या." वाईट नव्हती ती माणसं. त्यांना खालची सतरंजी दिसायची नाही, कारण ती सकाळीच गुंडाळून ठेवलेली असायची.

तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी करत आमच्या गावात मुक्कामाला येते. एका आषाढात चौघांनी आजीला बाजेसकट उचललं आणि दर्शनाला रस्त्यावर नेलं. सगळं घर मागोमाग गेलं. आई गेली नाही. घर रिकामं झाल्यावर तिनं न्हाणीचं दार लावलं आणि केस धुतले. शिकेकाई लावून, सावकाश. आम्ही परतलो तेव्हा ती उंबऱ्यात केस मोकळे सोडून बसली होती. आत्याबाईंना ते आवडलं नाही. पालखी दारात आणि हिला न्हाणं सुचतंय!

ती पालखी ज्याच्या भेटीला निघते तो देव विटेवर उभा आहे, तोच मुळी एका मुलाला आईबापांच्या सेवेतून सवड नव्हती म्हणून. ही कथा मला लहानपणापासून आवडते. फक्त एक गोष्ट खटकते. देव खुद्द दारात आला होता. 'पुंडलिका, तू जरा पाठ टेक, तोवर मी पाय चेपतो' असं म्हणायला काय हरकत होती? आमच्याकडं विठोबाला एवढं बोलायची मुभा आहे.

आजी जायच्या वेळी कुणीतरी म्हणालं, "खाली घ्या." बाजेवर प्राण जाऊ नये म्हणतात. तिला जमिनीवर घोंगडीवर घेतलं, नेमकं तिथं, जिथं आई इतकी वर्षं झोपत होती. तेराव्याला सगळे म्हणाले, म्हातारीचं सोनं झालं. आईची कंबर मात्र वाकली ती वाकलीच. वडिलांनी सुंभ कापून जाळलं आणि बाज नायलॉनच्या पट्टीनं विणून घेतली. ती मग शेळ्यांच्या चाऱ्यासाठी गोठ्यात गेली.

आता आईची पाळी आली आहे. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, पण चालणं परत आलं नाही. भाऊ पुण्यात, मी बारामतीत, म्हणून ती माझ्याकडं. यायला तयार नव्हती. "जावयाच्या दारात मरायचं नाही मला," असं तिनं माझ्या नवऱ्यालाच ऐकवलं. तो म्हणाला, "मग जगा." त्यावर ती हसली आणि आली. बाज चालणार नव्हती. हँडल फिरवून डोक्याकडून उचलता येणारी लोखंडी कॉट भाड्यानं आणली, तिच्यावर हवेची गादी, गादीला रात्रभर घुर्र करणारा पंप. डॉक्टरांनी बजावलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. मी सुतळीऐवजी मोबाइलचे गजर लावले. कॉटशेजारी गादी टाकली ती अर्थात जमिनीवर.

ड्रेसिंगला येणारी नर्स एकदा सहज म्हणाली, "ताई, तुमचंही बीपी बघू." पट्टा बांधला, पाहिलं, काही न बोलता पुन्हा बांधला.

आपल्याकडं म्हाताऱ्यांसाठी काहीच नाही असं नाही. २००७ चा कायदा आहे. मुलं बघत नसतील तर प्रांताकडं अर्ज करता येतो, महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो, आईबापांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे, २०२३ पासून तिचे महिना १५०० रुपये झाले. पण तीत पैसे आईबापांना, आणि नाव कावड वाहणाऱ्याचं! टाकून जाणाऱ्याचा विचार कायद्यानं केला. जो टाकून जात नाही त्याचं काय, हे कुठं आढळत नाही. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषेचा विमा आहे आणि घरी सांभाळणारा माणूस आजारी पडला किंवा सुटीवर गेला तर बदली माणसाचा खर्च त्यातून मिळतो. सांभाळणाऱ्यालाही सुटी लागते, हे तिथं कागदावर आहे.

मी भावाला बोलावलं. त्याचा पहिला प्रस्ताव पैशाचा होता. "बाई ठेव, मी देतो." बाई ठेवलीच होती, दिवसाची. रात्रीचं काय? मग मी त्याला पाळीची आठवण दिली. शेतकऱ्याचा मुलगा आहे. एका शब्दात कळलं. कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेवर आम्ही पाळीपत्रक लिहिलं. महिन्यातले आठ दिवस त्याचे, लॅपटॉप घेऊन इथंच राहायचं. वहिनी लगेच म्हणाली, "मी येते की." मी म्हणाले, "तू ये, पण पाहुणी म्हणून. पाळी त्याची." वहिनीचा चेहरा बघण्यासारखा झाला, भावाचाही. आई कॉटवरून म्हणाली, "त्याला काय जमतंय?" त्याला जमलं. वेणी फार घट्ट घालतो, एवढी एकच तक्रार आहे.

पहिल्या आठ दिवसांत मी काशीला जाईन, पुस्तकं वाचीन, असं काय काय ठरवलं होतं. त्यातलं काहीच केलं नाही. दुखरी दाढ काढून घेतली आणि इंदापूरला मैत्रिणीकडं जाऊन झोपले. दुसऱ्या रात्री भावाचा फोन. गादीचा पंप फार आवाज करतोय, बंद कसा करायचा? म्हटलं, "बंद करायचा नाही. तुला आवाज होतो तर कानात कापूस घाल, पण दोन वाजता कूस बदल. आणि आता मला फोन करू नकोस."


"आणि काही झालं तर?"

"पाळी तुझी आहे," म्हणाले, आणि फोन ठेवला.