आईची फुलांची गाडी

(इयत्ता दहावी)

आमच्या शाळेत दरवर्षी जून महिन्यात एक छापील तक्ता भरून द्यावा लागतो. नाव, जन्मतारीख, पत्ता अशा सरळ रकान्यांनंतर एक रकाना येतो : ‘पालकांचा व्यवसाय’. इतर मुली तो क्षणार्धात भरतात. मी मात्र त्या रकान्यापाशी सलग तीन वर्षे अडले आणि तीनही वर्षे तेथे ‘दुकान’ असा एकच शब्द लिहून पुढे गेले. तो शब्द अगदीच खोटा नव्हता. परंतु तो खराही नव्हता. त्या एका शब्दाची हकीकत आज सांगावयाची आहे.

धुळ्याहून मुंबई–आग्रा महामार्गाने उत्तरेकडे निघाले की प्रथम तापी ओलांडावी लागते. शिरपूर मागे पडते, सातपुड्याचा घाट चढून सेंधवा येते, पुढे ठीकरी लागते आणि मग खलघाटाच्या पुलावरून नर्मदेचे विशाल पात्र दिसते. नर्मदा ओलांडली की थोड्याच वेळात धामनोद येते. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातले, निमाडच्या सपाटीवरचे हे माझे गाव. कापूस आणि मिरची ही इथल्या मुलखाची ओळख. उत्तरेस विंध्याचा घाट आणि पूर्वेस अगदी जवळ महेश्वर.

या मुलखात मराठी घरे कशी, असा प्रश्न मला वर्गात अनेकदा विचारला गेला आहे. धार आणि देवास येथे पवारांची राज्ये होती, इंदुरास होळकरांचे. १९४८ साली ती मध्य भारतात विलीन झाली; परंतु त्यांच्या चाकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे तेथेच राहिली. माझे पणजोबा धार संस्थानात कारकून होते. आमच्या घराच्या उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी व निमाडी, अशी वाटणी मी जन्मापासून पाहिली. मराठी अक्षरे मला आजीने देवघरासमोर बसवून शिकविली. बाबांचा मालवाहू टेम्पो होता. इंदुराहून माल आणून तो निमाडच्या बाजारगावी पोहोचविणे हा त्यांचा व्यवसाय. सणासुदीच्या दिवसांत टेम्पोत झेंडूच्या गोण्या असत आणि घरी येताच बाबांच्या सदऱ्याला फुलांचा वास येई.

२०२१ सालच्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाची दुसरी लाट आली. बाबांना ताप आला, मग श्वास लागू लागला. रुग्णालयात खाट मिळण्यातच दोन दिवस गेले आणि मे महिन्यात ते आम्हांला सोडून गेले. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. त्या दिवसांविषयी अधिक लिहिणे मला जमणार नाही. टेम्पोचे हप्ते थकले होते, औषधोपचारांसाठी उसने घेतलेले पैसे होते. पावसाळ्यात टेम्पो विकला गेला आणि अंगणात त्याच्या चाकांचे दोन चर तेवढे उरले.

मामा धुळ्याहून आले. ते आईला म्हणाले, “ताई, सगळ्यांना घेऊन चल. माझ्या घरी तुला काही कमी पडणार नाही.” आई म्हणाली, “तू बोलावलेस यातच सगळे आले. पण माझी सासू या वयात गाव सोडणार नाही, आणि मी तिला सोडणार नाही. मुलीला शिकव. माझे मी बघते.”

काय बघणार, हे तिलाही तेव्हा ठाऊक नव्हते. तिचे शिक्षण नववीपर्यंतचे. शिवणयंत्र नव्हते, शेत नव्हते. हार गुंफणे मात्र तिला उत्तम येई. केळीचा सोप भिजवून त्यात शेवंतीची वेणी ओवावी ती तिनेच. आमच्या गल्लीत एका फळविक्याची हातगाडी टाळेबंदीपासून पडून होती. शेजारच्या सुतारकाकांनी तिच्या फळ्या बदलून दिल्या व चाकाला तेल घातले. बाबांच्या ओळखीचा एक बसवाहक इंदूरच्या बाजारातून पहाटे फुलांची गोणी आणून देण्यास तयार झाला. आईने आपली एक बांगडी मोडली. एवढ्या भांडवलावर ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, फुलांची गाडी निघावयाची होती.

अडचण मात्र वेगळीच उभी राहिली. आदल्या संध्याकाळी आजीकडे दोघीतिघी बायका येऊन बसल्या. त्यांचे बोलणे मी आतून ऐकले. विधवेच्या हातची फुले देवाला कशी चालतील? नवरात्रात घट बसवायचा, त्याची माळ हिच्याकडून कोण घेईल? आजी काही बोलली नाही. आईने केसांत गजरा माळणे बंद केले, ते आजीच्याच सांगण्यावरून. त्यामुळे आजीचे मत काय असेल याविषयी मला शंका नव्हती.

पहाटे गोणी आली. आईने गाडीवर ओले गोणपाट अंथरले, त्यावर झेंडूचे दोन ढीग केले, शेवंती वेगळी ठेवली, एका टोपलीत जास्वंद ठेवली, आणि दांड्याला हात घालून ती क्षणभर उभी राहिली. तेवढ्यात आजी बाहेर आली. ती नुकतीच आंघोळ करून आली होती. पदराच्या गाठीतून तिने दहा रुपयांचे नाणे काढले, गाडीवर ठेवले आणि म्हणाली, “पाच जास्वंदी दे. भवानी माझी.” आईने फुले तिच्या ओंजळीत घातली. आजी त्याच पावली आत गेली व ती फुले तिने देवीला वाहिली. गल्लीतल्या बायका ते दारांतून पाहत होत्या. त्या दिवशी कोणी काही बोलले नाही आणि पुष्कळजणींनी काही घेतलेही नाही. पण गाडी निघाली. संध्याकाळी हिशेब झाला तो १८० रुपयांचा.

पुढील वर्षी, ४ मे २०२२ रोजी, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावच्या ग्रामसभेने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. मामांनी ते वृत्त दूरध्वनीवरून आजीला वाचून दाखविले. आजी म्हणाली, “त्या गावाने बरे केले. आमच्या घरात ठरावाला मी एकटीच होते.”

वाटते तितका हा धंदा सोपा नाही. फूल हा माल दिवसभर मरत असतो. निमाडचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. तेथे दर अर्ध्या तासाने पाणी शिंपडावे लागते. मात्र पाणी जास्त झाले तर झेंडू देठापाशी कुजतो. म्हणून आई सकाळी गल्ल्यांतून फिरते, दुपारी कडुनिंबाखाली थांबते आणि सायंकाळी बसस्थानकाकडे जाते. दुकान असते तर गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागली असती. गाडी गिऱ्हाइकाच्या दाराशी जाते. म्हाताऱ्यांना दारात पावभर फुले मिळतात आणि कोणत्या घरी कोणत्या देवाला काय वाहतात हे आईला पाठ झाले आहे. गणपतीत दूर्वा व जास्वंद, श्रावणात बेल, दिवाळीत झेंडू. पितृपक्षात विक्री मंद, लग्नसराईत हातांना उसंत नाही.

पहिल्याच दसऱ्याला तिने चूक केली. भाव चढलेला पाहून चार गोण्या मागविल्या. इतरांनीही तसेच केले होते. दुपारनंतर भाव कोसळला आणि दीड गोणी झेंडू अंगणात परत आला. त्या रात्री आई बाबांच्या मृत्यूनंतर प्रथमच मोठ्याने रडली. सकाळी आजीने ती फुले वाळत घातली व महिन्याभराने त्यांचे बी काढले. पुढच्या पावसाळ्यात टेम्पो उभा राहत असे त्या जागी आम्ही ते पेरले. बी संकरित वाणाचे असावे, कारण रोपे एकसारखी आली नाहीत. काही फुले टपोरी, काही बटणाएवढी. तरी त्या दसऱ्याला घरची काही फुले गाडीवर गेली. बाबांच्या चाकांचे ते दोन चर आज कोणाला दिसणार नाहीत.

झेंडूविषयी शाळेच्या ग्रंथालयात मी जे वाचले त्याने मला मोठे नवल वाटले. ज्याच्यावाचून आपला दसरा होत नाही तो झेंडू मूळचा अमेरिका खंडातला, मेक्सिकोच्या बाजूचा. निशिगंधही तिकडचाच. समुद्रापलीकडून आलेल्या फुलाला आपण तोरणात जागा दिली, आणि आता ते परके होते हे सांगूनही कोणाला खरे वाटत नाही. धुळ्यात माझ्या बोलण्यातील हिंदी शब्दांना मुली हसत, तेव्हा मी मनात झेंडूची आठवण काढी.

२०२० साली केंद्र सरकारने फेरीवाल्यांसाठी स्वनिधी नावाची कर्जयोजना सुरू केली होती. आईने नगर परिषदेत खेपा घालून तिची कागदपत्रे केली व २०२२ च्या आरंभी तिला दहा हजार रुपयांचे पहिले कर्ज मिळाले. एका वर्षात ते मासिक हप्त्यांनी फेडावयाचे असे आणि वेळेवर फेडणाऱ्यास व्याजात सात टक्क्यांची सवलत मिळे. त्या पैशातून आईने स्वतःची हातगाडी, मोठी छत्री आणि तराजू घेतला. एकही हप्ता चुकला नाही. मग वीस हजारांचे दुसरे कर्ज मिळाले. हप्त्यांच्या पावत्या आजी पोथीत ठेवते.

हे सर्व मला ठाऊक होते. तरी जून २०२२ मध्ये मी मामांकडे शिकावयास आले आणि त्या रकान्यात ‘दुकान’ लिहिले. त्या एका शब्दाने माझ्या मैत्रिणींच्या मनात काचेच्या कपाटांचे, पंख्याखालचे दुकान उभे राहिले. मी ते मोडले नाही.

२०२४ च्या दिवाळीत मी घरी गेले होते. लक्ष्मीपूजनानंतरच्या एका दुपारी मी आईबरोबर महामार्गालगत उभी असताना एक मोटार गाडीपाशी थांबली. ते कुटुंब उज्जैनच्या दर्शनाला निघाले होते. मागील काचेतून मला माझ्याच वर्गातील मुलगी दिसली. तिने मला पाहण्यापूर्वीच मी खाली वाकले आणि गोण्यांच्या आड बसून राहिले. तिच्या आईने मोटारीसाठी हार घेतला, दोन-पाच रुपयांची घासाघीस केली. माझ्या आईने ती मान्य केली व खिडकीतून त्या मुलीच्या हातात एक गुलाब दिला. मोटार निघून गेली. मी उठले. आईने माझ्याकडे पाहिले नाही. ती फुलांवर पाणी शिंपडीत राहिली.

रात्री भाकरी वाढताना ती म्हणाली, “ती तुझ्या वर्गातली होती ना? गुलाब आवडला हो तिला.”

ती रागावली असती तर मला बरे वाटले असते. त्या शब्दांनंतर मी जेवू शकले नाही. क्षमा मागावी असे वाटत होते, परंतु शब्द फुटला नाही. सुटी संपली व मी तशीच धुळ्यास परतले.

गेल्या मे महिन्यात, २०२५ साली, बाबांच्या स्मृतिदिनी आम्ही तिघी महेश्वरला गेलो. अहल्याबाई होळकरांच्या जन्माचे ते तीनशेवे वर्ष होते. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव पडले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. त्यानंतर या बाईंनी सुमारे अठ्ठावीस वर्षे राज्य केले, महेश्वरास राजधानी केली, विणकरांना आश्रय दिला. आजही तेथे माग चालतात आणि वाड्यात मातीची लहान लहान शिवलिंगे रोज घडवून, पूजून नर्मदेत सोडली जातात. घाटाच्या पायऱ्यांवर बसून मी हे सगळे आईला मोठ्या आवेशाने सांगितले. ती हसली व म्हणाली, “त्या मोठ्या होत्या ग. त्यांना राज्य सांभाळायचे होते, मला गाडी. दुःख मात्र त्यांनाही पहाटे उठवीत असेल.”

मग तिने पदराखालून पानांचा द्रोण काढला. त्यात आमच्या अंगणातला झेंडू होता. तो पाण्यात सोडताना मी तिला दिवाळीतील त्या दुपारविषयी बोलले. गोण्यांमागे का लपले ते सांगितले, आणि रकान्यातील शब्दही सांगितला. ती बराच वेळ द्रोणाकडे पाहत होती. मग म्हणाली, “पहिले पंधरा दिवस मीही पदर पुढे ओढून गाडी ढकलीत होते. ओळखीचे कोणी दिसले की वाट बदलीत होते. एका वाटेवर सुटी फुले संपली आणि दुसऱ्या वाटेवर पडून राहिली, तेव्हा पदर मागे घेतला. तुझाही घेतला जाईल. घाई नाही.”

मला लाज एकटीलाच वाटत होती असे मी समजत होते. जिच्याकडे मी धैर्याची मूर्ती म्हणून पाहत आले तिलाही ती वाटली होती. फक्त तिला लाजेसाठी वेळ कमी होता.

जूनमध्ये पुन्हा तो तक्ता हातात आला. ‘पालकांचा व्यवसाय’ या रकान्यात मी लिहिले : ‘फुलांची हातगाडी’. रकाना लहान होता, शेवटचे अक्षर रेघेबाहेर गेले. वर्गशिक्षिकांनी ते वाचले व नंतर मला बोलावून, यंदाच्या अंकासाठी काही लिही, एवढेच सांगितले.

हा अंक माझ्या त्या मैत्रिणीच्याही हाती पडेल. तिला एवढेच सांगावयाचे आहे की, उज्जैनच्या वाटेवर तुला ज्या बाईंनी गुलाब दिला त्या माझ्या आई होत. त्या वेळी मी गाडीमागेच होते. पुन्हा कधी त्या रस्त्याने गेलीस तर धामनोदला थांब. या वेळी फूल मी देईन.